मूलच्या पडदेवाल्या बाईंचं प्रदर्शन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या संघप्रियाबाईंचं काम पंचक्रोशीत सगळ्यांनी पाहिलंय आणि लक्ष मात्र एकानेही दिलेलं नाही.

धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. देवरावभाऊंच्या नाटक कंपनीचे सगळे पडदे बाईच रंगवतात. महाल, जंगल, तुरुंग, बंगल्याचा दिवाणखाना. लोक शिट्ट्या मारतात त्या नटीला. बाई मागे पानठेल्याजवळ कान टवकारून उभ्या, कुणीतरी महालाला बरं म्हणेल म्हणून. एका साली एक जण बोलला खरा. "जंगलाले भोक पडलं वाटते," म्हणाला. बाई तेवढ्यावरही आठवडाभर खुशीत होत्या.

उन्हाळ्यात कंपनी बंद असली की उरलेल्या रंगांतून त्या स्वतःसाठी रंगवायच्या. त्यात महाल नाही, झाड नाही, माणूस तर नाहीच. नुसते रंग, एकमेकांना ढकलत बसलेले. थोरली जाऊ मनकर्णाबाई, जिच्या जिभेला मूलचा अख्खा बाजार वचकून असतो, रोज येऊन विचारायची, "संघे, हे का होय वो? पोतेरं सुकवून राह्यली का?"

मग नागपूरचा चित्रकार प्रफुल एकदा नाटकाला आला आणि नटी सोडून पडदाच पाहत बसला. असा माणूस झाडीपट्टीत विरळा. त्याने बाईंच्या घरी जाऊन ती पोतेरी पाहिली आणि चंद्रपुरात भरणाऱ्या अमूर्त चित्रांच्या समूह प्रदर्शनासाठी सगळ्यात मोठं चित्र मागून घेतलं. उद्घाटन म्हणून त्याच चित्रावरचा कपडा ओढायचा, असंही ठरवून टाकलं.

बाईंनी गावात चकार शब्द काढला नाही. आपली माणसं हसली तर पुन्हा ब्रश हाती धरायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण मनकर्णाबाईंपासून मूलमध्ये काय लपतं? उद्घाटनाच्या दिवशी प्रदर्शनाच्या दारात कंपनीचा टेम्पो थांबला. देवरावभाऊ, नट, नट्या, पेटीवाला, तबलजी असे सगळे उतरले, आणि सगळ्यांच्या पुढे नव्या लुगड्यात मनकर्णाबाई. दारात उभ्या संघप्रियाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"काऊन वो, आमची लाज वाटून राह्यली का तुले?" जाऊ कडाडली.

"नाई बाई. तुमालेच माही लाज वाटन म्हून नाई सांगितलं."

आत शहरातले लोक हात मागे बांधून, कुजबुजत फिरत होते. झाडीच्या मंडळींना ही रीत ठाऊक नाही. त्यांनी झाकलेल्या चित्रापुढे सरळ सतरंजी अंथरली आणि मांडी घालून बसले. फुटाण्यांची पुडी फिरली. एका चष्मेवाल्या शहरी बाईंनीही, कुणी बघत नाही असं पाहून, मूठभर घेतले.

प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. "सुरू करा जी!" देवरावभाऊ ओरडले, तसा प्रफुलने कपडा ओढला.

खाली दाट काळा, त्यावर ओल्या धानाचा हिरवा, आणि उजवीकडून कुणाला न विचारता आत घुसलेला पिवळा.

फुटाणे थांबले. संघप्रियाबाई भिंतीला टेकून फरशीकडे बघत राहिल्या.

"संघे," मनकर्णाबाईंचा आवाज आला, "इतके साल तुह्या पडद्यापुढं तो राजा उभा राह्यते. तलवार हालवते, मिशा हालवते, कायी दिसू देत नाई. आज हटला मेला!" राजाचं काम करणारा नट शेजारीच बसला होता, त्याने मान खाली घातली. "अन् हे पिवळं पाहा न जी, अंगावर येऊन राह्यलं!"

"वन्स मोर!" देवरावभाऊ गरजले. नाटकात गाणं आवडलं की झाडीत हीच आरोळी उठते, आणि मग ते पुन्हा म्हटल्याशिवाय सुटका नसते. सगळ्या सतरंजीने आरोळी उचलली.

"चित्राला वन्स मोर कसा द्यायचा?" प्रफुल गोंधळला.

"झाका, अन् पुन्हा वोढा!" राजानेच तोड काढली.

झाकलं. ओढलं. टाळ्या, शिट्ट्या, पेटीवाल्याचं "वाह बाई!" मागे बांधलेले हात सोडून शहरातलेही सतरंजीच्या कडेला टेकले. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. मनकर्णाबाईंनी त्यांना दारातच दटावलं, "बसून घ्या साहेब, मांगच्याइले दिसून नाई राह्यलं!" साहेब बसले.

तिसऱ्यांदा कपडा चढला तेव्हा संघप्रियाबाई भिंत सोडून आल्या आणि त्यांनी जावेला कोपराने ढोसलं.

"सरका वो बाई थोडं, मलेबी पाहू द्या." मांडी घालून, मान उंच करून त्या प्रफुलला म्हणाल्या, "हं, वोढा आता."