राष्ट्रपतीच्या घरी तुरीची डाळ

माझा मेडशीचा शेजारी हरखला की प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. रामेश्वर म्हणजे त्याच्या लाडक्या राष्ट्रपतींचं गाव. सहलीची गाडी सुटल्यापासून त्याचं एकच, "राष्ट्रपतीचं घर पाहाचं हाय भाऊ, राष्ट्रपतीचं घर!" देवळात हात जोडतानाही त्याचा जीव तिकडेच.

त्या घराचं आता संग्रहालय झालंय. दारात त्यानं चपला काढल्या आणि घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी बाहेर काढली.

मी त्याला बाजूला ओढलं. "अरे, राष्ट्रपती जाऊन किती वर्स झाले! डाळ कोनाले देऊन राह्यला?"

"घर तं हाय ना? कोनाच्या घरी रिकाम्या हातानं जातेत काय?"

दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला मराठी येत नव्हती. त्यानं नको नको म्हणून हात हलवले, ह्यानं पुन्हा पिशवी पुढे केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी रखवालदारानं डाळ हुंगली, हसला आणि आपल्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ओतून घेतली. पिशवी परत देताना त्यानं तिच्यात दोन केळी टाकली.

शेजारी आनंदानं ओरडलाच, "पाह्य! रिकामी पिशवी वापस देली नाही. घरच हाय भाऊ, घरच हाय!"