तिला पाठवलेला ईमेल

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातली आम्ही चार मराठी कुटुंबं मॅसॅच्युसेट्समधलं एक जुनं वसाहतीचं गाव पाहायला गेलो होतो. इंग्लंडहून आलेले कर्मठ प्युरिटन लोक कसे राहत, ते तिथे दाखवतात. पांढरी टोपी घातलेली एक बाई सांगत होती, की नवऱ्याला सोडून दुसऱ्यावर जीव लावला तर त्या बाईला भर चर्चमध्ये उभं करत आणि सगळ्या गावासमोर तिच्याकडून चूक वदवून घेत. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष काकू कळवळून म्हणाल्या, "बाई गं, किती बॅकवर्ड लोक!" बाहेर शिक्षेचा लाकडी खोडा होता. त्यात मान अडकवून आम्ही सगळ्यांनी हसत हसत फोटो काढले.

माझी मैत्रीण त्या ट्रिपला नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच वर्षी ती नवऱ्यापासून वेगळी होऊन ॲन आर्बरला तिच्या लॅबमधल्या एका अमेरिकन माणसाबरोबर राहायला लागली होती. नवरा वाईट आहे असं ती कधीच म्हणाली नाही, आणि हेच लोकांना पचेना. त्याने मारलं-बिरलं असतं, तर याच बायकांनी तिला मिठ्या मारून डोळे पुसले असते. नुसतं प्रेम उरलं नाही म्हणून कुणी घर सोडतं का? असं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात नवराबायको एकमेकांशी धड बोलत नव्हते, हे मला माहीत होतं.

ती सात वर्षं दर रविवारी मंडळाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवायची. बर्फातसुद्धा ड्राइव्ह करत यायची, ॲन आर्बरला गेल्यावरही. माझी मुलगी आजीला मराठीत पत्र लिहिते ते हिच्यामुळे. त्या शाळेत तिचा जीव होता.

त्याच ऑगस्टमध्ये काकूंच्या घरी मंडळाची कमिटी बसली. मीही कमिटीत होते. एक जण म्हणाला, "वी डोन्ट जज, यार. पण किड्ससमोर काय एक्झाम्पल जातं?" काकू म्हणाल्या, "तिने एकदा सगळ्या पेरेंट्ससमोर येऊन एक्सप्लेन करावं. नाहीतर या वर्षी ब्रेक घ्यावा."

महिनाही झाला नव्हता त्या ट्रिपला! पांढऱ्या टोपीवाली बाई कुणालाही आठवली नाही. मला आठवली. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तरी मी मूग गिळून बसले. माझ्या बाळंतपणात याच काकूंनी महिनाभर डबे पोचवले होते. त्या डब्यांना जागले मी, दुसरं काय!

"ईमेल तूच लिही गं," काकू म्हणाल्या, "तुला छान जमतं."

आणि मी लिहिला. चांगला तासभर बसून लिहिला. तिच्या निःस्वार्थ सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे, पालकांशी तिने एकदा मोकळेपणाने संवाद साधावा, अन्यथा यंदा विश्रांती घ्यावी. खाली नाव कुणाचंच नव्हतं, फक्त मंडळाचं. आजही त्यातलं एकेक वाक्य आठवलं, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती पालकांसमोर उभी राहिली नाही. पुढच्या रविवारी येऊन तिने तिचं सामान आवरायला घेतलं. मी मदतीला म्हणून गेले. बाकी कुणी फिरकलं नव्हतं. हाताने काढलेली चित्रांची कार्डं ती खोक्यात भरत होती.

"काय लोक आहेत गं हे," मी म्हणाले. "मला इतका राग आला!"

"ईमेल तू लिहिलास ना?" तिने वर न बघताच विचारलं. "इतकं गोड तिथे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही."

मी कार्डांचा गठ्ठा नीट करत राहिले. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच सांग. तू माझ्या बाजूने बोललीस आणि त्यांनी ऐकलं नाही, की तू बोललीच नाहीस?"

"त्यांनी ऐकलं नाही," मी म्हणाले.