विलासकाकांनी न केलेली सही

विलासकाकांच्या फोटोला हार घालायची आमच्या कंपनीची लायकी नाही.

माझीही नाही.

काका काल गेले. हार्ट अटॅक.
आज सकाळी सरांचं स्टेटस : 'क्वालिटीचा आधारस्तंभ हरपला.'

सर, या आधारस्तंभाला तुम्ही स्टोअरमध्ये स्क्रू मोजायला बसवलं होतं. का, ते मी सांगते.

आजऱ्याच्या काजू ड्रायरसाठी आम्ही कंट्रोलर बनवला. त्यात एक वॉचडॉग असतो, म्हणजे राखणदार. प्रोग्रॅमने त्याला सारखी हजेरी द्यायची. हजेरी चुकली, की प्रोग्रॅम अडकला असं समजून तो मशीन रीस्टार्ट करतो. तो नसेल तर प्रोग्रॅम अडकल्यावरही हीटर चालूच राहतो.

त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा कोड, मी लिहिला. मशीन उठसूट रीस्टार्ट व्हायला लागलं आणि डिलिव्हरी तोंडावर आलेली. कारण शोधायचं सोडून मी हजेरीचं काम प्रोग्रॅमकडून काढलं आणि आपोआप चालणाऱ्या भलत्याच टायमरला दिलं.

रीस्टार्ट बंद! सरांनी सगळ्यांना मिसळ मागवली.

टेस्टिंगला काका होते. त्यांनी मुद्दाम प्रोग्रॅम अडकवला. स्क्रीन गोठली, आणि हीटरच्या जागी लावलेला बल्ब जळतच राहिला.

"पोरी, प्रॉक्सी लावलीस व्हय गं? आत मढं पडलंय आन् हजेरी लागतीया!"

त्यांनी सही केली नाही.

सर ओरडले, "तुमच्या एका सहीसाठी माल अडवू काय?"

काका स्टोअरमध्ये गेले.
त्यांच्या जागी सही मी केली.

महिन्याभरात एक ड्रायर अडकला. जळका वास आला म्हणून एका बाईने धावत जाऊन मेन स्विच पाडला. तिचा हात भाजला.

सर म्हणाले, "पुढच्या लॉटला बघू."
मी पुढच्या लॉटच्या कामाला लागले.

काकांनी एवढंच विचारलं, "त्या बाईचं नाव काय गं?"

मला माहीत नव्हतं.

"मग सही कुणाच्या जिवावर केलतीस?"

खरी चूक कुठे आहे, ते त्यांनी स्टोअरमध्ये बसून शोधलं आणि कागदावर लिहून दिलं. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

संताप येतोय. सरांचा, त्या स्टेटसचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

काका, उद्या उचगावात तुमचं रक्षाविसर्जन झालं की मी थेट आजऱ्याला निघणार. तुमच्या कागदाप्रमाणे दुरुस्त केलेला प्रोग्रॅम घेऊन. एकेक ड्रायर आधी मुद्दाम अडकवून बघणार, मगच सही.

सर, कामावरून काढायचं असेल तर खुशाल काढा.

आणि काका, त्या बाईंना आधी नाव विचारणार.

चुकलं माझं.
रामराम, काका.