वीतभर कापलेली नळी

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हे आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक. पण आपल्याच बंदुकीला कानस लावायलाही कायदा आडवा येतो, हे कुणाच्या बापाला माहीत होतं?

आमच्या ह्यांच्याकडं भाताच्या राखणीची बाराबोर बंदूक. रानडुकरं फार. गेल्या खरिपात हे बांधावरून घसरले, नळीत चिखल गेला, तसाच बार काढला आणि नळीचं तोंड फाटलं. नशीब, डोळे वाचले. पण हा माणूस फावड्याचा दांडासुद्धा कधी दुकानात न्यायचा नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडून फाटलेला वीतभर तुकडा कापून घेतला, नळीचं उरलेलं तोंड घरी कानशीनं घासलं, वर मलाच म्हणतात, "बघ, हलकी झाली."

आचारसंहिता लागली त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ आला. तो वकिलाच्या हाताखाली काम करतो. खुंटीवरची बंदूक बघून त्याचा चहा तसाच राहिला. परवाना बंदुकीचा असतो, नळी आखूड करायचा नसतो, म्हणाला. आखूड बंदूक कपड्यांत लपते, म्हणून कायदा कडक. सापडलात तर तुरुंग.

ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. हे थंडच. जमा करताना कोण मोजतंय, म्हणाले. आणि जमा न करावी तर तोही गुन्हाच.

मीही ठाण्यात सोबत गेले. हवालदारानं बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि इतरांच्या रांगेत उभी केली. त्या रांगेत आमचीच ठेंगणी, आंधळ्यालाही दिसावी. हवालदाराचं लक्ष नव्हतं. हे हसत बाहेर पडले.

मला मात्र पाऊल उचलेना. निवडणूक संपली की ही परत खुंटीवर येणार, आणि दर निवडणुकीला मी अशीच मरत उभी राहणार. तोंडातून गेलंच, "साहेब, आमच्या बंदुकीची नळी कापलेली हाय. डुकरासाठीच हाय, पन कापलेली हाय."

ह्यांना आत बोलावलं. हे हवालदाराला विचारत होते, कुणी सांगितलं म्हणून.

"मी," मी म्हणाले.

जामीन मिळाला, केस चालू आहे. तारखेला दोघं एकाच एसटीनं जातो. मी शेजारची जागा धरून ठेवते. हे पुढं जाऊन उभे राहतात.