पट्ट्यावरची फुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. गोंदियाच्या राइस मिलमध्ये मी मुनीम होतो, तेव्हाची गोष्ट.

आमचा म्हातारा मिस्त्री रोज इंजिनाच्या पट्ट्यावरून हात फिरवायचा. झिजलेली जागा लागली, की खडूनं फुली मारायचा. फुली असली, की मिल बंद.

"मोडल्यावर मिस्त्री कायले पाह्यजे, मुनीमजी? लोहार बलवा!" म्हणायचा.

एकदा धानाच्या बैलबंड्या दारात खोळंबल्या होत्या. तो जेवायला गेल्यावर मी फुली धोतरानं पुसली आणि मिल चालू करायला लावली. पट्टा तुटून एका हमालाचा हात मोडला.

"निशान क्यों नहीं लगाया?" मालक मिस्त्रीवर ओरडले.

तो पुटपुटला, "इसरलो असन, मालक."

त्यानंतर फुली मारून चार पावलं गेला, की तो परत येऊन बघायचा.

ती फुली तू मारली होतीस, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.