नवरीनं काढलेला शॉट

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात चित्रपट आणि दूरचित्रवाणी शिकवणारा विभाग होता, कॅमेरा मात्र एकच. तो विभागप्रमुखांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. सर रजेवर असले की आम्ही बोटांची चौकट करून फ्रेम लावायचो. पदवी मिळाली तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी कॅमेऱ्यापेक्षा त्याची बॅगच जास्त वेळा उचलली होती.

एक मुलगी तेवढी वेगळी. बाळापूरची, घरी शेती आणि तुरीचा व्यापार. तिला उजेड कळायचा. शेवटच्या वर्षी तिनं नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जाणाऱ्या मुलींवर फिल्म केली. कंपनीची बस येईपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला डबा पोटाशी धरून उभ्या असतात, एवढंच. संवाद नाही, संगीत नाही. मुंबईहून आलेले परीक्षक म्हणाले, "मुंबईला या, काम देतो." तिच्या वडिलांनी ती फिल्म पाहिलीसुद्धा नाही. "मुंबईले कोनापाशी राहशीन? लोकायचे फोटो काढाले शिकवलं का तुले?" एवढ्यावर विषय संपला.

मीही मुंबईला गेलो नाही. मला कोणी बोलावलंच नव्हतं. अकोल्यात एका स्टुडिओत लग्नं शूट करू लागलो. तिथं त्याला 'सिनेमॅटिक' म्हणतात. सिनेमॅटिक म्हणजे नवरदेवाला गॉगल लावून गाडीतून पुन्हा पुन्हा उतरवायचं. यासाठी पदवी लागते, हे घरच्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

अशाच एका लग्नाची ऑर्डर नवरदेवाकडून आली होती. स्टेजवर कॅमेरा लावला आणि मुंडावळ्यांमागे ती बाळापूरची मुलगी दिसली. ओळखीचं हसली नाही. ओठ जेमतेम हलवून म्हणाली, "उजेड मांगून येऊन राहिला. इकडून घे." मी तिकडून घेतलं.

पाठवणीला ती रडली नाही. तिची आईही नाही. नवरदेवाच्या वडिलांना तो अपमान वाटला. "फिल्ममंदी रडनं पाहिजे. परत करा." परत केलं. तिला मांडवाच्या दाराशी नेऊन पुन्हा आईच्या गळ्यात पडायला लावलं. दोघी कोरड्याच. मग ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दे इकडं."

पदर कमरेला खोचून, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून तिनं कॅमेरा घेतला आणि आईवडिलांवर लावला. पोरीला हे काम करताना ती दोघं पहिल्यांदाच पाहत होती. आधी वडील रडले, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून. मग आई. कॅमेऱ्यावरचा पोरीचा हात हलला नाही. कॅमेरा परत देताना म्हणाली, "हे कापू नोको."

एडिटिंगच्या वेळी नवरदेवाचे वडील माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. "याच्यात नवरी कुठी हाय? तिचे मायबापच रडून राहिले. काढून टाका." मी म्हणालो, शॉट फार चांगला आहे. "असन. लग्न आमच्या पोराचं हाय." स्टुडिओच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कापला आणि तिथं वरातीच्या गाडीवरून फिरणारा ड्रोनचा शॉट टाकला. आपण शिकलो याचा एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

मालक धंद्यात हुशार. तोच कापलेला तुकडा त्यांनी जाहिरातीत टाकला, वर सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. लोकांनी तो डोळे पुसत पुढे पाठवला म्हणे. आता मुलींचे बाप मोबाइल पुढे करतात, "आमच्या पोरीचं असंच काढा." मालक माझ्या खांद्यावर हात ठेवतात, "याच पोरानं काढलं." मी खाली पाहून लेन्स पुसत बसतो.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. जाहिरात तिनं पाहिली होती. वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिनं एवढंच विचारलं होतं, "फोकस बराबर हाय ना रे? मोबाइलवर समजत नाही."

मोठ्या पडद्यावर तो शॉट मी एकदाच पाहिला होता, कापताना. मी लिहिलं, "बराबर हाय."