खालच्या गोलसमोर भरलेलं पाणी

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, नंतर माझ्याच्यानं सांगवत नाही. आणि हसायचं नाही हं! एका माणसाच्या हातून अख्खा फुटबॉल क्लब बुडाला, ही काय हसायची गोष्ट आहे?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. नाशकाच्या कडेला शेजारशेजारच्या वस्तीचे दोन मळे. वरचा आमचा, खालचा माझ्या सासरवाडीचा. मधे मैदान. शाळेत आयर्लंडचे एक फादर होते, त्यांनी दोन्ही मळ्यांना फुटबॉलचं वेड लावलं. त्यांच्या गावी म्हणे शेजारशेजारच्या दोन क्लबांचे लोक एकमेकांच्या मयतीलासुद्धा जात नाहीत. आम्ही जातो, पण तिथंही गेल्या मॅचचा विषय काढतो!

दरवर्षी दिवाळीनंतर दोन्ही क्लबांची मॅच. आम्ही सलग नऊ वर्षं हरलो. नऊ! आमचा गोलकीपर आणि कॅप्टन विलास मला म्हणाला, "अध्यक्ष, यंदा हरलो तर क्लब बंद. पोरं खालच्या मळ्याकडून खेळायचं म्हणत्यात."

अध्यक्ष म्हणजे मी. का? तर मैदानाला लागून माझी विहीर आणि पोरांच्या जर्सी माझ्या खिशातून. फुटबॉलमधलं कळतं म्हणून नव्हे! दरवर्षी मी अर्धी मॅच बघायचो आणि गाईंच्या धारा काढायला घरी पळायचो. पुढचं सगळं लोकांच्या तोंडून. इथंच घात झाला.

मॅचच्या दिवशी पहाटे मला अवदसा आठवली. खालच्या मळ्याचा गोलकीपर म्हणजे माझाच मेहुणा, प्रकाश. तो दरवर्षी त्यांच्या मळ्याच्या अंगाला उभा राहायचा, हे मी या डोळ्यांनी बघितलेलं. तिथं चिखल केला तर? मोटार चालू केली, पाइप ओढला आणि त्या गोलसमोर मनसोक्त पाणी भरलं. वरून कोरडी माती पसरली. काळी जमीन ती! वरून कोरडीठाक, आत नुसता राडा.

घरी आलो तर बायको दारात.

"पहाटेच कुठं गेला होतात?"

"कांद्याला पाणी भरायला."

"कांदा तर काढून झाला की!"

मी चहा मागितला.

मॅच सुरू झाली. प्रकाश पहिल्याच बॉलला आडवा, दुसऱ्याला उताणा! आम्ही दोन-शून्य! म्हटलं, आज धारा राहू द्या. गाई थांबतील थोड्या!

शिट्टी झाली. पोरं पाणी प्यायली. आणि विलास हातमोजे चढवत निघाला थेट खालच्या गोलकडं.

"अरे, तिकडं कुठं?"

"हाफटाइम झाला ना अध्यक्ष. बाजू बदलली."

"बदलली म्हणजे?"

"म्हणजे काय? दरवर्षीच बदलते!"

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगू नये? धावत रेफरीकडं गेलो.

"साहेब, बाजू बदलू नका!"

"का बरं?"

"आमच्या पोराच्या डोळ्यावर ऊन येतं."

"ऊन त्याच्या पाठीमागं आहे."

"मग... वास्तू बरोबर नाय तिकडची."

रेफरीनं शिट्टी तोंडाला लावली आणि माझा धीर सुटला. "अहो, तिकडं मी पाणी भरलंय!"

दोन्ही मळे माझ्याकडं बघतायत. चिखलानं माखलेला प्रकाश पुढं आला. वाटलं, बसली आता कानाखाली. तो नुसता हसला.

रेफरी शांतपणे म्हणाले, "मग आता तुम्हीच खेळा त्या चिखलात."

अहो, पहिल्या हाफमध्ये तुडवून तुडवून तिथं लोणी झालं होतं! विलास उभा राहिला की घोट्यापर्यंत आत. उडी मारायला गेला की बूट तिथंच! पाचव्या गोलनंतर मी मोजायचं सोडलं. टोपलीभर कोरडी माती घेऊन धावलो, तर रेफरीनं मलाच मैदानाबाहेर काढलं. कडेला बसून रडलो हो मी. खरंच रडलो. पोरांचा क्लब मी बुडवला, तोही माझ्याच विहिरीच्या पाण्यात.

बक्षीस समारंभात प्रकाशनं माइक घेतला. "आजचा सामनावीर... आमचे दाजी!"

मला ढकलत पुढं नेलं. शाल, नारळ, टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या कुणाच्या? आमच्या हिच्या!

मान खाली घालून विलासकडं गेलो आणि तो नारळ त्याच्यापुढं धरला. त्यानं तोंडावरचा चिखल पुसला.

"ठेवा अध्यक्ष," तो म्हणाला. "दहा वर्षांत आपल्या क्लबला मिळालेलं हे पहिलंच बक्षीस. शेवटचंही."